वाद्यावरची सही

श्रावणात नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी खानदेशात घरोघर कानबाई बसते आणि सोमवारी वाजतगाजत तिचे विसर्जन होते. ज्या कुटुंबांनी पोटासाठी जळगाव, धुळे, नंदुरबारकडील गावे सोडून तापीच्या प्रवाहाबरोबरच पश्चिमेची वाट धरली आणि सुरत शहराच्या लिंबायत भागात, यंत्रमागांच्या खडखडाटात आपली बिऱ्हाडे थाटली, त्यांनी येताना भांड्याकुंड्यांबरोबर ही देवताही आणली. त्यामुळे गुजरातच्या भूमीवर, जिथे दुकानांच्या पाट्या गुजरातीत आणि घरातले बोलणे अहिराणीत चालते अशा त्या दाट वस्तीत, श्रावणातल्या त्या सोमवारी डोक्यावर कानबाई घेतलेल्या स्त्रियांची मिरवणूक निघालेली पाहिली, की आपण महाराष्ट्राची हद्द ओलांडून आलो आहोत याचा पाहणाऱ्याला काही काळ विसर पडतो. गेल्या श्रावणात अशाच एका मिरवणुकीत मी चालत होतो, आणि माझे लक्ष देवीवरून ढळून ज्या वस्तूकडे गेले, तिच्याविषयी हा लेख आहे.

हातगाडीवर रचलेल्या कर्ण्यांच्या पुढ्यात एक मध्यमवयीन वादक बेंजो वाजवीत होता. मुंबईच्या गिरणगावात आणि कोकणात गणपतीच्या किंवा गोविंदाच्या दिवसांत ज्याने रस्ता ऐकला आहे, त्याला हा बेंजो म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. इतरांसाठी सांगतो की, अमेरिकेतील गोल कातडी तोंडाच्या बँजोशी त्याचा नावापलीकडे संबंध नाही. ही एक लांबट लाकडी पेटी असते, तिच्यावर तारा ताणलेल्या असतात, आणि जुन्या टंकलेखन यंत्रावर असाव्यात तशा गोल कळांची एक ओळ त्या तारांवर बसवलेली असते. डाव्या हाताने कळ दाबली की तिच्याखालचा धातूचा तुकडा तारेवर टेकतो, तारेचा कंप पावणारा भाग आखूड होतो, सूर चढतो, आणि उजव्या हातातील नखीने ती तार छेडली की तोच सूर बाहेर पडतो. त्या वादकाच्या बेंजोच्या दर्शनी अंगावर लाल सनमायका चिकटवलेला होता, कडेने आरशाच्या बारीक पट्ट्या बसवल्या होत्या, वर ‘सप्तशृंगी प्रसन्न’ अशी अक्षरे होती, आणि मधोमध, गाड्यांच्या मागे लावतात त्या चकाकत्या रेडियमच्या कागदातून कापून, त्याचे स्वतःचे नाव आणि त्याखाली ज्या गावाची शेती केव्हाच सुटली त्या गावाचे नाव लावलेले होते. मिरवणूक एका वळणावर थांबली असता मी जवळ जाऊन हा बेंजो कोठे विकत मिळाला, असे विचारले. तो हसला नाही, रागावलाही नाही, ज्या स्वरात माणूस आपल्या मुलाची ओळख करून देतो त्या स्वरात एवढेच म्हणाला, “हाऊ मना शे, दादा. इकत लेयेल नही.”

विकत घेतलेला नाही, माझा आहे. या दोन वाक्यांचा अर्थ मला पुढल्या रविवारी त्याच्या खोलीवर गेल्यावर उलगडला. मूळ पेटी जुनी, कोणाची तरी टाकून दिलेली. कळा दोन वेगवेगळ्या मोडक्या बेंजोंतून काढून बसवलेल्या. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर पितळेची एक पट्टी, कारण लाकडी घोडी तारांनी कापली जात असे. आणि पेटी उलटी करून त्याने खालची फळी काढली, तेव्हा आत दिसला तो या साऱ्या प्रपंचाचा आत्मा: काळ्या चिकटपट्टीत गुंडाळलेला, बोटाएवढा लांब, हाताने भरलेला एक पिकअप. यंत्रमागाच्या मोटारी जळाल्या की त्यांच्या गुंडाळ्या पुन्हा भरून देणारा एक कारागीर त्याच्या गल्लीतच राहतो. त्याच्याकडून तांब्याची केसासारखी तार मागून घेऊन, रात्रपाळी संपल्यावर, एका चुंबकाभोवती ती त्याने स्वतः गुंडाळली होती. किती फेरे, असे मी विचारले. त्याने मोजले नव्हते, आवाज जेव्हा आपल्या मनाजोगा ‘पिकला’ तेव्हा तो थांबला होता.

येथे थोडे थांबून या पिकअपची रीत समजून घेणे अवश्य आहे, कारण जगातील प्रत्येक विद्युत्-गिटार आणि हा लिंबायतचा बेंजो या दोहोंचे गोत्र एकच. लोखंडी तार चुंबकाच्या सान्निध्यात कंप पावू लागली की चुंबकाच्या क्षेत्रात हालचाल होते, त्या हालचालीमुळे चुंबकाभोवतीच्या तांब्याच्या गुंडाळीत अतिशय क्षीण असा वीजप्रवाह उत्पन्न होतो, आणि तो प्रवाह ध्वनिवर्धकातून मोठा करून कर्ण्यापर्यंत नेला की तारेचा तो सूक्ष्म कंप गल्लीभर ऐकू येणारा नाद होतो. गिटारीच्या पिकअपात ही तांब्याची तार कित्येक हजार फेऱ्यांची असते. फेरे वाढले की आवाज दणकट पण गढूळ होत जातो, कमी झाले की स्वच्छ पण दुबळा. चुंबक कोणत्या धातूचा, तार किती जाड, गुंडाळी घट्ट की सैल, यांतील प्रत्येक गोष्ट कानाला कळते. ज्या चौकटीवर ही तार गुंडाळतात तिला जगभर बॉबिनच म्हणतात, आणि ज्या वस्तीत बायका-पोरे पिढ्यान्‌पिढ्या बॉबिन आणि कांड्या भरीत आली, तेथील माणसाच्या हातांना हे काम परके वाटू नये यात नवल ते काय?

बेंजो जन्माने भारतीय नाही. जपानातील नागोया शहरात 1912 साली, तायशो राजवटीच्या आरंभी, गोरो मोरिता नावाच्या वादकाने टंकलेखन यंत्राच्या कळांची कल्पना तंतुवाद्याला जोडून ‘तायशोगोतो’ नावाचे वाद्य सिद्ध केले. ते समुद्रमार्गे आपल्याकडे आले आणि येथे ‘बुलबुल तरंग’ या गोड नावाने घराघरांत, विशेषतः मुलांच्या हातांत, रुळले. बलुचिस्तानात त्याचे ‘बेंजू’ होऊन तेथील लोकसंगीताचे ते प्रमुख वाद्य बनले. आणि महाराष्ट्रात, कोणी एका अनाम कारागिराने त्याच्या पोटात पिकअप बसवल्यावर, ते दिवाणखान्यातून उठून रस्त्यावर आले. 2016 साली रवी जाधव यांनी रितेश देशमुख यांना घेऊन ‘बँजो’ याच नावाचा हिंदी चित्रपट काढला, तेव्हा शिष्ट समाजाने या वाद्याची थोडीफार दखल घेतली. एरवी संगीताच्या इतिहासाच्या दफ्तरी या वाद्याची नोंद मला फारशी कोठे आढळलेली नाही.

आता सहीकडे वळू. इंग्रजीत ज्याला सिग्नेचर गिटार म्हणतात, ती म्हणजे एखाद्या नामवंत वादकाच्या नावाने, त्याच्या आवडीनिवडी प्रमाण मानून, कारखानदाराने काढलेली गिटार. डोक्यावर किंवा अंगावर त्या वादकाची सही उमटवलेली असते आणि प्रत्येक प्रतीमागे वादकाला ठरलेला मोबदला मिळतो. आपल्या जुन्या पत्रव्यवहारात या सहीचा फार सुंदर विवेक होता. पत्राचा मजकूर कारकुनाच्या किंवा चिटणिसाच्या हातचा असे, सुंदर वळणाचा, नेमस्त; शेवटी मोर्तब होई; परंतु ज्या पत्रात धन्याने स्वतः लेखणी घेऊन चार ओळी लिहिल्या असतील, त्या ओळींना ‘दस्तुरखुद्द’ म्हणत, आणि अक्षर कितीही वेडेवाकडे असले तरी पत्र घेणारा आधी त्या चार ओळी वाचीत असे. गिटारीवरच्या सह्यांचा सारा इतिहास मला याच दृष्टीने दिसतो: कोठे नुसते मोर्तब आहे आणि कोठे दस्तुरखुद्द आहे, एवढाच प्रश्न.

विद्युत्-गिटारीवरील सर्वांत प्रसिद्ध सही लेस पॉल याची. अमेरिकेतील हा वादक मुळात विलक्षण खटपट्या. पोकळ पोटाच्या गिटारीला पिकअप लावला की कर्ण्याचा आवाज फिरून गिटारीच्या पोटात शिरतो आणि ती शिट्या मारू लागते, हे पाहून त्याने 1940 च्या सुमारास देवदारासारख्या मऊ लाकडाचा एक भरीव चौकोनी ओंडका घेतला, त्यावर तारा व पिकअप बसवले, आणि लोकांना तो गिटारीसारखा दिसावा म्हणून दोन्ही बाजूंना गिटारीचे कापलेले अर्ध डकवले. या वस्तूला तो ‘लॉग’, म्हणजे ओंडका, म्हणे. गिब्सन कंपनीने प्रथम ही कल्पना हसण्यावारी नेली. पुढे 1950 मध्ये लिओ फेंडरची भरीव गिटार बाजारात आली आणि खपू लागली, तेव्हा त्याच कंपनीला लेस पॉलची आठवण झाली, आणि 1952 मध्ये त्याच्या नावाची सोनेरी गिटार निघाली. परंतु गंमत पहा: त्या गिटारीचा घाट मुख्यतः कंपनीच्या माणसांनी ठरवलेला होता, आणि 1961 मध्ये कंपनीने तो घाट लेस पॉलच्या मनाविरुद्ध पार बदलूनही टाकला, तेव्हा लवकरच त्याने आपले नाव काढून घेतले. नंतर इंग्लंडातील तरुण वादकांनी जुन्या, टाकून दिलेल्या लेस पॉल गिटारी उचलून त्यांतून असा काही दणदणीत नाद काढला, की 1968 मध्ये कंपनीला जुनी जात पुन्हा काढावी लागली. 1958 ते 1960 या काळात बनलेल्या, सूर्यास्ताच्या रंगाच्या त्या गिटारी सुमारे दीड हजारच असाव्यात. त्या वेळी त्यांना गिऱ्हाईक नव्हते, आज त्या लक्षावधी डॉलरांना जातात. सही लेस पॉलची, पण त्या सहीला वजन आले ते नंतरच्या वादकांच्या हातांनी.

त्यानंतर सह्यांचा सुकाळ झाला. फेंडर कंपनीने 1988 मध्ये एरिक क्लॅप्टनच्या नावाची गिटार काढून आपल्या या परंपरेला आरंभ केला, आयबानेझने त्याच्या आदल्या वर्षी स्टीव्ह वायसाठी अंगात हात घालून उचलता येईल असे भोक असलेली गिटार काढली होती, आणि आज असा मोठा वादक विरळा, ज्याच्या नावाची गिटार दुकानात टांगलेली नाही. यांतल्या अनेक गिटारी उत्तम आहेत आणि त्यांचा तिरस्कार करण्याचे मला काहीही कारण नाही. लहान गावातील मुलाला आपल्या आवडत्या वादकाच्या हातातल्या वाद्याची प्रतिमा आपल्या हाती असावी असे वाटणे ही भक्तीच आहे, आणि भक्तीची थट्टा करू नये. परंतु एडी व्हॅन हेलन याच्या गिटारीची जी कथा आहे, ती ऐकल्यावर या व्यवहारातील मर्म लक्षात येते. त्याने 1970 च्या दशकात पन्नास डॉलरांना एक सदोष म्हणून बाजूला काढलेले अंग विकत घेतले, सुरतेच्या कापडबाजारात ज्याला ‘फेंट’ म्हणतात त्या जातीचा माल. त्याला दुसरीकडून घेतलेली मान जोडली, एका वेगळ्याच कंपनीच्या जुन्या गिटारीतला पिकअप त्यात कोंबला, सायकलीचा रंग फासून चिकटपट्टीने त्यावर पट्टे काढले, आणि तारांची घोडी हलू नये म्हणून तिच्याखाली 1971 सालचे पाव डॉलरचे नाणे ठेवले. पुढे 2007 मध्ये एका मोठ्या कंपनीने या गिटारीच्या 300 हुबेहूब प्रती काढल्या, तेव्हा तिच्यावरचे ओरखडे, सिगारेटचे डाग, एवढेच काय ते 1971 सालचे नाणेसुद्धा शोधून प्रत्येक प्रतीत बसवले, आणि किंमत ठेवली पंचवीस हजार डॉलर. नाणे त्या माणसाने गरज पडली म्हणून खिशातून काढून ठेवले होते. प्रतीत ते नाणे आहे, गरज नाही.

या सर्व कथांत ज्या एका गिटारीकडे माझे मन पुनःपुन्हा ओढ घेते, तिचा धागा आश्चर्याने आपल्याच मुलखाशी जुळतो. सुरतेहून दक्षिणेकडे जाणाऱ्या गाडीने तासाभरात वलसाड येते. त्याचे जुने नाव बुलसर. या गावावरून आडनाव घेतलेल्या एका पारशी कुटुंबात 1946 साली झांझिबार येथे फारुख बुलसारा हा मुलगा जन्मला, आठव्या वर्षी त्याला शिक्षणासाठी आपल्या साताऱ्यातील पाचगणीला सेंट पीटर्स शाळेत ठेवण्यात आले, तेथे तो पियानो शिकला, शाळूसोबत्यांबरोबर त्याने ‘हेक्टिक्स’ नावाचा वाद्यवृंद जमवला, आणि पुढे इंग्लंडात गेल्यावर फ्रेडी मर्क्युरी या नावाने ‘क्वीन’ या वाद्यवृंदाचा गायक म्हणून जगाला ठाऊक झाला. त्याच्या शेजारी उभा राहून जो गिटार वाजवी, तो ब्रायन मे. आणि त्याच्या हातातील ‘रेड स्पेशल’ ही मला माहीत असलेली सर्वांत खरी सही.

ब्रायन मे शाळकरी होता आणि त्याच्या कुटुंबाला दुकानातील चांगली गिटार परवडणारी नव्हती. 1963 च्या ऑगस्टमध्ये बाप-लेकांनी, म्हणजे ब्रायन आणि विद्युत्-यंत्रांचे जाणकार असलेले त्याचे वडील हॅरोल्ड यांनी, घरीच गिटार बनवण्याचे ठरवले आणि ते काम सुमारे दोन वर्षे चालले. गिटारीच्या मानेसाठी एका जुन्या घरातून काढलेल्या शेकोटीवरच्या महोगनीच्या फळीचा उपयोग केला. तिला वाळवीसारख्या किड्याने पाडलेली भोके होती, ती काड्यापेटीच्या काड्यांनी बुजवली. अंगासाठी जुन्या टेबलाचे ओक लाकूड. स्वर थरथरवण्यासाठी जो दांडा असतो, त्याच्या यंत्रणेत 1928 सालच्या मोटारसायकलीच्या झडपांचे स्प्रिंग, दांडा सायकलीच्या पिशवीच्या आधारातला, आणि त्याच्या टोकाला आईच्या विणकामाच्या सुईचा तुकडा. मानेवर सुरांच्या जागा दाखवणारे ठिपके आईच्या शिंपल्याच्या गुंड्यांतून कापलेले. एकूण खर्च आठ पौंडांच्या आसपास. पिकअपही त्याने प्रथम घरीच गुंडाळले. तार ओढून सूर वाकवला की त्यांत एक नकोसा खरखराट येई, म्हणून ते काढून बर्न्स कंपनीचे तीन पिकअप त्याने बसवले, आणि प्रत्येकाला दोन दोन खटके लावले: एक तो पिकअप चालू किंवा बंद करण्याचा, दुसरा त्याच्या प्रवाहाची दिशा उलटी करण्याचा. दोन पिकअप परस्परविरुद्ध दिशेने चालू केले की काही नादांश एकमेकांना खोडून टाकतात आणि उरलेला नाद नाकातून गायल्यासारखा, धारदार होतो. हा नाद दुकानात मिळत नव्हता. गिटार छेडण्यासाठी नखीऐवजी तो सहा पेन्सचे नाणे वापरतो, ज्याची दातेरी कड तारेवर घासून प्रत्येक स्वराच्या आरंभी एक बारीक खसखस उमटते. आणि या गिटारीच्या जोडीला जो एक लहानसा ध्वनिवर्धक त्याने वर्षानुवर्षे ध्वनिमुद्रणात वापरला, तो त्याच वाद्यवृंदातील जॉन डीकन याने रस्त्याकडेच्या कचऱ्यात सापडलेल्या विद्युत्-पट्टीतून जोडलेला होता. जून 2002 मध्ये राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवात बकिंगहॅम राजवाड्याच्या छपरावर उभे राहून ब्रायन मे याने राष्ट्रगीत वाजवले, ते याच शेकोटीच्या फळीवर.

ही हकीकत वाचताना मला लिंबायतच्या खोलीत उलटी केलेली ती पेटी दिसते, आणि दोहोंत मला जातीचा भेद दिसत नाही.

विक्षिप्त साधनांचे आकर्षण हा अनेकांना श्रीमंतांचा शौक वाटतो, आणि आज लिलावांतील आकडे पाहता तसे वाटण्यात त्यांचा दोष नाही. पण त्याचे मूळ बहुधा दारिद्र्यात आहे. जी गिटार बाजाराला नको असते ती स्वस्त मिळते, आणि स्वस्त मिळते म्हणून ती पैसे नसलेल्या पण कान असलेल्या तरुणाच्या हाती लागते. मार्टिन कंपनीने 1959 च्या सुमारास आपल्या पोकळ लाकडी गिटारीवर विद्युत्-पिकअप बसवून डी-18ई नावाची एक जात काढली. तिचा आवाज धड लाकडी नाही, धड विजेचा नाही, अशी तक्रार होऊन ती तीनशेच्या आसपास नग निघून बंद पडली. त्यांतलीच एक कर्ट कोबेन याच्या हाती लागली, 1993 मध्ये त्याने ती एका दूरचित्रवाणी मैफलीत वाजवली, त्यानंतर काही महिन्यांतच तो गेला, आणि 2020 च्या लिलावात तीच गिटार साठ लाख डॉलरांहून अधिक किमतीला विकली गेली. अमेरिकेत टपालाने माल मागवण्याच्या सूचिपत्रातून साठच्या दशकात विकली जाणारी, काचतंतूंच्या पोकळ अंगाची एअरलाइन नावाची गिटार जॅक व्हाइट याने हाती घेतली आणि मग तिच्या प्रती निघू लागल्या. ज्या वाद्यात सर्व काही आपोआप गोड वाजते ते वाद्य वादकाकडून फारसे मागत नाही. जे अडते, खरखरते, सुरावर यायला नाकारते, त्याच्याशी झुंजता झुंजता वादकाचा हात असा काही वळतो, की पुढे तो हात दुसऱ्या कोणत्याही वाद्यावर ओळखू येतो. हे माझे मत आहे, आणि मी ते विचारपूर्वक मांडतो.

आपल्या देशात तर ही परंपरा नवी नाहीच. परदेशी वाद्यांवरील जकात आणि आयातीचे निर्बंध यांमुळे स्वातंत्र्यानंतरची कित्येक दशके आपल्या वादकांना चांगली विद्युत्-गिटार डोळ्यांनी दिसणेही दुर्मिळ होते, आणि म्हणून जो तो आपापली तजवीज करी. हिंदी चित्रपटसंगीतात नाव कमावलेले व्हॅन शिप्ले हे स्वतः आखलेली आठ तारांची विद्युत्-गिटार वाजवीत. विश्वमोहन भट्ट यांनी हवाई पद्धतीच्या गिटारीला तरफांच्या तारा जोडून मोहनवीणा घडवली आणि राय कूडर याच्याबरोबरच्या ध्वनिमुद्रिकेसाठी 1994 मध्ये ग्रॅमी मिळवले. आंध्रातील यू. श्रीनिवास यांनी विद्युत्-मँडोलिनीच्या जोडतारा काढून पाच एकेरी तारांवर कर्नाटक संगीतातील गमके वाजवून दाखवली. यांतील कोणाच्याही वाद्यावर कारखानदाराचे मोर्तब नव्हते, दस्तुरखुद्द मात्र पहिल्या तारेपासून होते.

आणि मिरज? मिरजेत एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब या शिकलगार घराण्यातील कारागिराने, ज्या हातांनी तलवारींना धार लावली त्याच हातांनी, तंबोरे दुरुस्त करता करता नवे घडवण्यास आरंभ केला, पंढरपूरकडचा भोपळा त्यासाठी आणला, आणि त्यातून सतार-तंबोऱ्यांचे एक घराणेच उभे राहिले. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. तेथील कारागीर घोडीच्या पृष्ठभागाला जो अत्यंत सूक्ष्म उतार देतो, ज्यामुळे तार घोडीला हलकेच चाटत झंकारते, त्याला जवारी म्हणतात, आणि तंबोऱ्याच्या तारेखाली सुताचा एक दोरा सरकवून ती नेमकी खुलवतात. एकाच तंबोऱ्याची जवारी दोन गायकांसाठी सारखी लावून चालत नाही. गळ्याचा पोत पाहून ती लावावी लागते. 1967 मध्ये अमेरिकेत व्हिन्सेंट बेल या वादकाच्या कल्पनेवरून कोरल नावाची विद्युत्-सतार निघाली, तिचा सारा चमत्कार एवढाच होता की तिच्या रुंद, सपाट घोडीने या जवारीची नक्कल केली होती. ती गिटारीसारखी धरायची, तिला तरफाही होत्या, आणि पाश्चात्त्य श्रोत्यांना ती अद्भुत वाटली. मिरजेच्या कारागिराने ती ऐकली असती तर त्याने प्रथम दोरा मागितला असता असे मला वाटते.

लिंबायतच्या त्या वादकाशीही मी जवारीविषयी बोललो. त्याला तो शब्द ठाऊक नव्हता, पण पितळी पट्टीवर जिथे तार टेकते तिथे त्याने मागातून काढलेल्या धाग्याचा एक तुकडा अडकवला होता आणि तो काढून, पुन्हा घालून, मला दोन्ही आवाज ऐकवले. धाग्याशिवाय आवाज बोथट होता. धागा घातल्यावर त्याला धार आली. हे कोणी शिकवले, असे विचारता तो म्हणाला की कोणी नाही, एके दिवशी मागाखालचा धागा चुकून तारेखाली गेला आणि आवाज बरा वाटला, म्हणून राहू दिला. मग त्याने कर्णा न लावता, नुसत्या तारांवर, कानबाईचे एक गाणे वाजवले. खोलीच्या दारात शेजारची चार माणसे येऊन उभी राहिली, आणि त्यांतल्या एका म्हाताऱ्या बाईने पदराने डोळे पुसले.

अशी वाद्ये लिंबायतमध्ये, उधना आणि डिंडोलीत, मालेगावात, भिवंडीत, कोकणच्या वाड्यावाड्यांत आज आहेत, आणि त्यांची गणती कोणाकडेही नाही. ज्यांनी ती घडवली ते कारागीर वृद्ध होत चालले आहेत. मिरवणुकांत आता की-बोर्ड आणि तयार ध्वनिफिती येत आहेत. आणि मोडका बेंजो भंगारवाल्याकडे किलोच्या भावाने जातो, कारण त्यात तांबे असते. वाचकहो, आपल्या गल्लीत, आपल्या मावशीच्या किंवा आत्याच्या घरी, माळ्यावर असा एखादा बेंजो पडलेला असेल तर तो काढा, पुसा, उलटा करून त्याची खालची फळी उघडून पहा, आणि तो कोणी, कोठे, कशातून बनवला हे त्या घरातल्या जाणत्या माणसाला विचारून एका कागदावर लिहून ठेवा. तो कागद त्या पेटीतच ठेवा. बनवणारा हयात असेल, तर त्याच्याकडूनच लिहून घ्या, आणि खाली त्याची सही घ्यायला विसरू नका.